हातभर दोर

नव्या घरातली पहिली अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, 2018 ची. जेवणं उरकली होती, पितरांच्या घागरीवरची सांजोरी आणि आंबे वाटून झाले होते. ऊन कलल्यावर भावाने कोठीतून झोक्याचा दोर काढला. आमच्या अमळनेरच्या अंगणातल्या निंबाची एक फांदी उत्तरेकडे जवळजवळ आडवी गेली आहे, आणि मला कळायला लागल्यापासून झोका तिच्यावरच. आधी फांदीला पोतं गुंडाळायचं, म्हणजे साल सोलवटत नाही, मग दोर टाकायचा. दोराच्या दोन्ही टोकांना आजीने लाल खणाच्या चिंध्या बांधून ठेवल्या होत्या. चिंधीवर पाटाची गाठ मारली की पाट बरोबर गुडघ्याच्या वर येतो. लहान पोरीला चढता येतं आणि मोठ्या बाईचे पाय घासत नाहीत. आजी गेली, पाट दोनदा बदलला, पण चिंध्यांची जागा कोणी हलवली नाही.

त्या दिवशी चिंधीवर गाठ मारली तर पाट पार घोट्याशी आला. भाची बसली आणि तिचे पाय जमिनीवर फरफटायला लागले.

"दोर ताणला असेल," भाऊ म्हणाला. "किती वर्षांचा आहे तो."

सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. भावाने चिंध्यांच्या हातभर वर पाट बांधला. पाटाखाली दोराची दोन शेपटं लोंबत राहिली, त्यांच्या टोकाला आजीच्या चिंध्या. आम्ही बायका संध्याकाळपर्यंत आळीपाळीने झोके घेत गाणी म्हणत राहिलो.

मी नाशिकला शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना दरवर्षी सांगते की झाड उंच होतं ते शेंड्यांकडून, खोड वर सरकत नाही. खोडात पाच फुटांवर खिळा ठोकला तर वीस वर्षांनीही तो पाच फुटांवरच सापडेल. फांदीचंही तेच. ती जाड होते, लांब होते, पण खोडातून जिथे फुटली ती जागा जन्मभर तीच राहते. किती वर्गांना मी फळ्यावर हे चित्र काढून दाखवलं असेल! आणि त्या दुपारी माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच अंगणात, फांदी आणि जमीन यांच्यातलं अंतर हातभर कमी झालं होतं. दोर ताणला नव्हता, फांदी उतरली नव्हती. जमीन वर आली होती. हे मला कळायला पुढे चार वर्षं लागली.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. सागाचे खांब, तुळया, वर मातीचं धाबं. दरवर्षी पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, तुडवून घट्ट करायची. आप्पा होते तोवर हे सगळं होत राहिलं. ते गेल्यावर भावाच्या एकट्याच्याने होईना. त्यात गल्लीतला रस्ता दरवेळी नव्याने होताना थोडा थोडा वर चढत गेला आणि अंगण खाली राहिलं. पावसाळ्यात गल्लीचं पाणी अंगणात, अंगणाचं ओट्यापर्यंत. आई कमरेत वाकून सुपलीने पाणी काढायची. म्हणून 2016 च्या अखजीनंतर घर उतरवलं आणि नवं बांधायला घेतलं.

निंब कोणी लावला हे घरात कोणालाच माहीत नाही. 1968 साली आत्याच्या लग्नात काढलेला एक फोटो आहे. त्यात मांडवामागे निंब दिसतो, आजच्यापेक्षा थोडा बारीक. भावाचा त्याच्यावर किती जीव, हे मला इथे लिहिलंच पाहिजे. कंत्राटदाराने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "झाड काढायचं ना? मशीन आहे तोवर होऊन जाईल." भावाने नकाशा बदलायला लावला. स्वयंपाकघराचा कोपरा चार फूट आत घेतला. कट्टा आखूड झाला, वहिनीने ते मान्य केलं. झाडाची एकही फांदी त्या बांधकामात तोडली गेली नाही. आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायचो की घर झाडासाठी सरकवलं.

आता मागे वळून बघताना जे दिसतं ते वेगळंच आहे. खानदेशातला मे महिना, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, आणि सगळ्या प्लॉटवर सावली एकाच जागी. मग काय काय त्या सावलीत आलं! सिमेंटच्या गोण्यांची थप्पी आली, कारण गोण्या उन्हात कशा ठेवायच्या. सळया वाकवणाऱ्यांचा ओटा आला. मिक्सर आला, कारण तो चालवणारा माणूस दिवसभर उभा कसा राहणार. रोज संध्याकाळी मिक्सर धुवायचा तोही तिथेच, आणि ते राखाडी पाणी बुंध्याशी जिरायचं. खडी-रेतीचे डंपर त्याच्या कडेलाच रिकामे व्हायचे. मजुरांच्या भाकरी तिथे सुटायच्या. खालच्या एका फांदीला एका मजूर बाईने बाळाची झोळी बांधली होती. मी सुट्टीत गेले तेव्हा त्या झोळीचा फोटो काढला, सुंदर दिसत होतं ते. त्या फोटोत झोळीच्या खाली जमीन दिसते, चकचकीत, डांबरासारखी घट्ट झालेली. तेव्हा मी फक्त बाळ पाहिलं.

काळ्या मातीवर घर बांधणाऱ्याला मुरमाचा भराव टाकावाच लागतो. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते. तिच्यावर सरळ फरशी घातली तर दोन वर्षांत फरशीला तडे. म्हणून जोत्यात मुरूम भरला, तो बरोबरच होता. पण रस्ता उंच म्हणून अंगणातही भराव टाकला. त्यावर रोलर फिरवला, खडीची कच अंथरली आणि सिमेंटचे गट्टू बसवले. खोडाभोवती दोन फुटांचं छान गोल आळं ठेवलं. माघात वास्तुशांत झाली तेव्हा अंगण इतकं देखणं दिसत होतं की आईने पहिल्यांदा त्यावर रांगोळी काढली तेव्हा आम्ही सगळे बघत उभे होतो.

त्यानंतरची वर्षं मी नाशिकला होते. झाडाची हकिकत मला आईच्या फोनमधून कळत होती, फक्त मी ती हकिकत म्हणून ऐकत नव्हते.

2018 चा पाऊस दगा देऊन गेला, खानदेशात दुष्काळ पडला. पुढच्या वर्षी आईने सांगितलं, यंदा निंबोळ्यांनी झाड नुसतं लगडलंय. भावाने त्या वर्षी फवारणीचा निंबोळी अर्क सगळा घरच्याच निंबोळ्यांचा केला. पाच किलो निंबोळी, शंभर लिटर पाणी, हे प्रमाण आमच्याकडे कापूसवाल्या घरात पोरांनाही पाठ असतं. पुढे फाल्गुनातल्या पानगळीबद्दल ती म्हणाली, "पाचसहा टोपल्या पाला निघायचा सकाळी. आता दोनच निघतात, कंबरेला आराम आहे." मला बरं वाटलं. 2021 च्या चैत्रात म्हणाली की पालवी उशिरा आली आणि बारीक आली. एकदा म्हणाली, दुपारी बाजेवर ऊन येतं, बाज सरकवावी लागते. त्या बाजेवर दुपारी ऊन आल्याचं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण 2020 आणि 2021 या दोन्ही अखजींना टाळेबंदीमुळे मला माहेरी जाताच आलं नाही, आणि फोनवर झाडाबद्दल कोण किती बोलणार. माणसांच्याच काळज्या तेव्हा पुरून उरत होत्या.

2022 साली मे महिन्याच्या सुरुवातीला अखजी आली. स्टेशनवरून रिक्षा गल्लीत वळली की आधी निंबाचा घुमट दिसतो आणि मग घर. त्या दिवशी मला निंबातून आरपार आभाळ दिसलं. पूर्वेकडचा शेंडा पूर्ण उघडा पडला होता, करड्या काड्या नुसत्या. उरलेल्या भागात पानं होती, पण झुबके झुबके, फांद्यांच्या टोकांशी. खोडावर मात्र कोवळे धुमारे फुटले होते, तांबूस, तजेलदार. वहिनी म्हणाली, "बघा ना ताई, खालून नवीन फुटतंय, म्हणजे जगेल." आई ओट्यावर बसली होती. ती झाडाकडे न बघता म्हणाली, "थकनं वं माय झाड."

त्या अखजीला झोका बांधलाच नाही.

गल्लीतल्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं. वाळवी, असं बहुतेकांचं मत, कारण वाळलेल्या फांद्यांवर मातीच्या नळ्या दिसत होत्या. कोणी म्हणालं रोग आहे. तेलंगणात 2021 च्या सुमारास निंबांचे शेंडे मोठ्या प्रमाणावर जळाल्यासारखे झाले होते, ते व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर येऊन गेले होते. कोणी बोअरचं पाणी खारं असल्याचं सांगितलं. भावाने ऐकून ऐकून वाळवीचं औषध ओतलं, बुरशीनाशक फवारलं, वर दोन वेळा युरियाही दिला.

कृषी महाविद्यालयात आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले एक सर धुळ्याला राहतात, माझ्या मैत्रिणीच्या नात्यातले. त्यांना विनंती केली. जूनमध्ये, पेरण्यांच्या आधी ते आले. मला वाटलं होतं ते वर शेंड्याकडे बघतील, पानं तपासतील. ते झाडाकडे पाठ करून आधी गल्लीतून फिरून आले. पलीकडच्या मारुतीच्या पाराजवळ एक निंब आहे, शाळेच्या भिंतीशी दोन आहेत. परत येऊन म्हणाले, "ते तिन्ही चांगले आहेत. साथीचा रोग असता तर त्यांच्यावरही काहीतरी दिसलं असतं. शिवाय तो शेंडेमर बुरशीचा रोग कोवळ्या काड्यांवर येतो, पावसाळ्यात वाढतो, सगळ्या झाडावर विखुरलेला दिसतो. तुमचं झाड एका बाजूने चाललंय." वाळवीबद्दल म्हणाले की ती मेलेली साल खाते. ती आली कारण फांदी आधीच मेली होती.

मग त्यांनी एक वाळकी काडी नखाने खरवडली. आत तपकिरी, कोरडं. थोडं खाली खरवडलं, तेही कोरडं. आणखी हातभर खाली, सालीखाली हिरवी ओली रेघ निघाली. "इथपर्यंत जीव आहे," म्हणाले. खोडावरच्या धुमाऱ्यांना त्यांनी हात लावला आणि वहिनीला हळू आवाजात समजावलं, की वरपर्यंत पाणी चढवणं झाडाला जमेना म्हणून ते जवळच्या जवळ पानं काढतंय. ही शेवटची धडपडही असू शकते किंवा सावरण्याची सुरुवातही, आत्ताच सांगता येणार नाही.

त्यानंतर ते बुंध्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. मग विचारलं, "घर कधी बांधलं?"

भावाने सांगितलं.

"आणि त्याआधी अंगण कुठे होतं? म्हणजे किती खाली?"

कोणालाच सांगता येईना. भाऊ म्हणाला, "असेल सहा-आठ इंच." कंत्राटदाराने किती ब्रास मुरूम टाकला त्याचा कागद कुठे सापडतो! आणि तेवढ्यात मला दोराची ती दोन लोंबती शेपटं दिसली. दिसली म्हणजे अक्षरशः दिसली, धुळीत घासणाऱ्या लाल चिंध्यांसकट. मी कोठीत गेले, दोर आणला, भावाला फांदीवर टाकायला लावला आणि चिंधीपासून जमिनीपर्यंत टेप धरली. मग माझ्या गुडघ्यापर्यंतची उंची मोजली. फरक निघाला साडेसतरा इंचांचा. एक हात.

सरांनी तो आकडा ऐकला आणि म्हणाले, "ताई, तुमच्या आजीने मोजपट्टी ठेवून दिली होती."

मग 1968 चा फोटो काढला. मांडवाच्या खांबामागे निंबाचं बूड दिसतं. खाली फाकलेलं, पावलासारखं, आणि त्याच्या एका जाड मुळीवर फ्रॉकातली एक मुलगी बसलेली आहे. आमच्या समोरचं झाड मात्र विजेच्या खांबासारखं सरळ गट्टूंच्या आळ्यात गेलेलं होतं. खोड जमिनीशी फाकलेलं दिसत नसेल तर समजावं की ते पुरलं गेलं आहे, हे सरांनी तेव्हा सांगितलं. आता मी रस्त्याने जाताना प्रत्येक झाडाचं बूड बघते. नाशिकमध्ये, जळगावात, किती झाडं अशी खांबासारखी उभी आहेत!

आपल्याला वाटतं, झाडाची मुळं खोल पाताळात जातात. काही जातात. पण अन्नपाणी ओढणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीतच असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बरीच बाहेर पसरतात. या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. चांगल्या मातीत निम्मी जागा पोकळ असते, त्या पोकळीत हवा आणि पाणी दोन्ही खेळतं. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, हात जाईल एवढ्या, आणि त्या भेगांतून हवा खोलवर उतरते. आमच्या अंगणातही पडायच्या. लहानपणी माझी गोटी तिथे गेली की परत यायची नाही. त्या मातीवर डंपर फिरले, ती दाबली गेली, वर हातभर मुरूम, कच, गट्टू. खालच्या मुळांचा श्वासच कोंडला.

सरांनी खोडाचा घेर छातीच्या उंचीला मोजला, 100 इंच. म्हणजे व्यास साधारण 32 इंच. दर इंचामागे निदान एक फूट, असा हिशोब धरतात, म्हणजे 32 फुटांपर्यंतची जमीन या झाडाची. कंपाउंडची भिंत पूर्वेला 11 फुटांवर. सेप्टिक टाकी 14 फुटांवर. आम्ही झाडाला दोन फुटांचं आळं दिलं होतं.

खोदायचं काम आबांनी केलं. आबा आमच्याकडे वीस वर्षं सालदार होते, आता सत्तरीला आलेत. जेसीबी लावायचा नाही, पहार-टिकावही बुंध्याजवळ नाही, खुरप्याने आणि हाताने, असं सरांनी बजावलं होतं. गट्टू उचलले, कच काढली. मुरूम रोलरने इतका बसला होता की खुरपं टणटण वाजायचं. त्याखाली विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, एक गंजलेली सळई. मग खुरप्याचा आवाज बदलला, मऊ झाला, आणि काळी माती लागली. तिचा वास मी विसरणार नाही. पहिल्या पावसात काळी माती कशी वास देते ते खानदेशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. ही माती आंबली होती, नासक्या अंड्यासारखा वास येत होता तिला, रंग निळसर करडा. आबांनी मूठभर उचलून नाकाशी नेली आणि खाली टाकली.

बुंध्याची जी साल त्या मुरमात गाडली गेली होती ती काळी, ओली, बोटाने दाबली तर दबणारी. आणि तिच्यावरून, खोडाला कवळ घालून, मनगटाएवढी एक मुळी गोल फिरलेली. झाडाला खाली श्वास घेता येईना तेव्हा त्याने गाडलेल्या खोडातून वरच्या मुरमात नवी मुळं सोडली होती. आळ्याच्या गट्टूंच्या कडेला लागून ती वळली आणि खोडाभोवतीच फिरत राहिली. जशी ती जाड होत गेली तशी खोडाला आवळत गेली. आबा त्या मुळीवर हात ठेवून बसले. म्हणाले, "झाडनी मान पुरायी गयी ना, ताई."

पूर्वेला कंपाउंडच्या पायाशी खोदलं तर तुटलेल्या मुळांची टोकं सापडली. तासलेली नव्हती, मशीनने ओढून फाडलेली. वर झाड ज्या बाजूने वाळलं होतं तीच ही बाजू.

2017 मध्ये जखम झाली, मग 2019 मध्ये झाड निंबोळ्यांनी लगडलं कसं, हा माझा प्रश्न होता. सर म्हणाले, झाड खोडात आणि मुळांत साठवण ठेवतं. मुळं गेली तरी साठवणीवर ते तीन-चार, कधी सात-आठ वर्षंही हिरवं राहतं. दुष्काळात घर बियाण्याचं धान्य दळून खातं तसं. चूल पेटलेली दिसते, भाकरीचा वास येतो, बाहेरच्याला काय कळणार. आणि अडचणीतलं झाड पुष्कळदा एखाद्या वर्षी भरभरून फळतं. ज्या वर्षी आम्ही सगळ्यात जास्त निंबोळ्या वेचल्या, त्या वर्षी ते बियाणं दळत होतं.

त्या रात्री भाऊ गच्चीवर एकटा बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "भिंतीचा चर खणला त्या दिवशी मुळ्यांचा ढीग पडला होता. मजुरांनी चुलीला नेल्या. मला वाटलं, एवढं मोठं झाड, चार मुळ्यांनी काय होतं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "ताई, मी कोपरा सरकवला होता गं."

मी त्याला काय सांगणार होते. मी तर दोर हातात धरून उभी होते.

शेजारच्यांनी झाड काढून टाकायचा सल्ला दिला, घरावर पडेल म्हणून. सरांनी लाकडी हातोडीने खोड सगळीकडून ठोकून पाहिलं, कुठे पोकळ आवाज नव्हता, बुंध्यावर बुरशीच्या छत्र्याही उगवलेल्या नव्हत्या. शहरातलं झाड असं परवानगीवाचून तोडताही येत नाही. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांवरच्या झाडाला त्यात वारसा वृक्ष म्हटलं आहे. आम्ही फक्त वाळलेल्या फांद्या काढायची परवानगी घेतली. हिरवी एक काडीही तोडायची नाही, सरांचं म्हणणं होतं, कारण आता प्रत्येक पान झाडासाठी कमावतंय. युरिया बंद. जेमतेम जगणाऱ्या मुळांवर वाढीचा बोजा टाकायचा नाही.

आबांनी आणि भावाने मिळून दिवाळीपर्यंत 12 फुटांच्या घेरातला सगळा भराव हाताने काढला, जुन्या काळ्या मातीपर्यंत. आवळणारी मुळी एकदम काढली नाही. सरांच्या देखरेखीखाली पटाशीने दोन टप्प्यांत कापली. पुढे घराकडची बाजू तर उघडता येणारच नव्हती. तिथे गट्टू उचलून दोन-दोन फुटांवर हातगिरमिटाने दोन फूट खोल भोकं पाडली, त्यांत कंपोस्ट आणि जाड रेती भरली, म्हणजे हवेला वाट मिळेल. उघड्या मातीवर कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा भुगा आणि निंबाचाच पाला चार बोटं जाड अंथरला, खोडापासून वीतभर लांब ठेवून. खळग्यात पाणी साचलं तर निंबाला ते सोसत नाही, म्हणून तळातून पाईप काढून मागच्या शोषखड्ड्याला जोडला. उन्हाळ्यात वीस दिवसांतून एकदा, रात्रभर, बारीक धारेने पाणी. आई बुंध्यावर तांब्या ओतायची, आता ती काठी टेकत दहा-बारा पावलं लांब जाऊन ओतते. मुळं तिथे आहेत हे तिला पटलंय.

घर बांधायला काढलेलं कोणी हे वाचत असेल तर त्याला हात जोडून सांगते. पहिला डंपर येण्याआधी झाडाभोवती पत्रे उभे करा, फांद्या जिथवर गेल्यात तिथवर, आणि त्याच्या आत एक गोणीसुद्धा ठेवू देऊ नका. मजुरांसाठी वेगळी सावली बांधून द्या, ताडपत्रीची का होईना. चर खणायचा असेल तर झाडाला वळसा घाला. नाहीच जमलं तर मुळं हाताने मोकळी करून करवतीने सरळ कापा. आणि खोडावर, जिथे माती टेकते तिथे, एक खूण करून ठेवा. तुमच्याकडे आजीचा दोर नसेल.

2023 मध्ये काही सुधारणा दिसली नाही. पूर्वेकडची आणखी एक फांदी गेली. 2024 मध्ये भावाने फोन केला, बोलता बोलता त्याचा आवाज जड झाला. पऱ्हाट्यांचा भुगा बाजूला केला तर खाली मातीत पांढरी बारीक मुळं दिसली होती, सुतासारखी. त्याने फोटो पाठवला. बोटावर माती, मातीत चार पांढरे तंतू. तो फोटो अजून माझ्या मोबाईलच्या पडद्यावर आहे.

सरांनी आम्हाला दर चैत्रात नव्या पानाची लांबी मोजायला सांगितली आहे. एकाच उंचीवरची, एकाच बाजूची दहा पानं. 2022 ला पान वीतभरही नव्हतं. 2025 च्या चैत्रात वीत ओलांडून चार बोटं पुढे गेलं. पूर्वेचा तिसरा हिस्सा गेला तो गेलाच. उत्तरेची फांदी हिरवी आहे. सर म्हणतात, अजून तीन-चार उन्हाळे जाऊ द्या, मग बोलू. आईचं वय ऐंशी आहे. तिने सरांना विचारलं, "मी बघेन का?" सर म्हणाले, "पाणी घालत राहा, आई."

2025 च्या अखजीला, एप्रिलच्या शेवटी, मी गेले. दुपारी भाऊ कोठीतून दोर घेऊन आला. फांदीवर अजून कोणी बसायचं नाही हे ठरलेलं होतं, तरी त्याने पोतं गुंडाळलं, दोर टाकला, आणि आजीच्या चिंध्यांवर पाटाच्या गाठी मारल्या. आम्ही आता जुन्या अंगणात उभे होतो, गट्टूंपेक्षा हातभर खाली, पायाखाली काळी माती. वहिनी ओट्यावरून उतरून आली. आई काठी टेकत कडेला आली.

मी पाटाशी उभी राहिले. तो माझ्या गुडघ्याच्या वर आला होता.

भाची आता कॉलेजात आहे. तिने पाट हाताने एकदा ढकलला. रिकामा पाट पाच-सहा वेळा गेला, आला, आणि थांबला. मग भावाने दोर उतरवला, वेटोळं केलं आणि कोठीत नेऊन ठेवला.